लेप मासा आणि आमच्या खाद्याचे पोते

शेतकरी संघाच्या मासिकाने समुद्राच्या तळाशी पडून राहणाऱ्या एका चपट्या माशाची हकीकत छापावी, हे आमच्या कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याचा समुद्राशी संबंध तो काय? कऱ्हाड-पाटणकडील मंडळी कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास जातात, आठवड्याच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या व सोड्यांच्या टोपल्या येतात, यापलीकडे तो संबंध जात नाही असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आमच्या सभासदांपैकी जे कोंबड्या पाळतात ते मासळीची भुकटी घातलेले खाद्य विकत घेतात, आणि बागाईतदारांपैकी काहीजण मासळीचे खत वापरतात. त्या पोत्यात काय असते, ते कोठून येते आणि तसेच येत राहिले तर पुढे काय होईल, हे विचारण्याचा खरीददारास हक्क आहे. आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे. शेकडो जातींच्या मासळीची एकदम चौकशी करू गेल्यास काहीच हाती लागावयाचे नाही. सबब आम्ही एकच मासा निवडला आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर चपट्या माशांचे दोन प्रकार लोकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. एक भाकस, हा अंगाने जाड, तोंडाने मोठा आणि दातांनी तीक्ष्ण. दुसरा लेप, ज्यास गोव्यात लेपो म्हणतात. लेपाच्या अनेक जाती आहेत, पण आकार सर्वांचा सारखाच: लांबट, पातळ, शेपटीकडे निमुळता होत गेलेला, हुबेहूब जिभेसारखा. शास्त्रज्ञांनी या कुळास दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थही ‘कुत्र्याची जीभ’ असाच आहे. तळाच्या चिखलावर तो असा बेमालूम पसरलेला असतो की, भिंतीस गिलावा दिल्याप्रमाणे त्यास लेप म्हणणे अगदी शोभून दिसते.

येथे कोणी म्हणेल, चपटे तर पापलेटही असते. खरे आहे, पण पापलेट उभे पोहते. त्याचा एक डोळा उजव्या गालावर व दुसरा डाव्या गालावर असतो. लेपाचे तसे नाही. तो जन्मभर एका कुशीवर निजलेला असतो. वरच्या बाजूस मातीचा रंग, खालची बाजू पांढरीफटक, आणि दोन्ही डोळे वरच्याच बाजूला, एकमेकांशेजारी. लेपाचे डोळे नेहमी डाव्या अंगास असतात. भाकसात मात्र काहींचे उजवीकडे तर काहींचे डावीकडे आढळतात, व त्याचा सरकलेला डोळा पुरता पलीकडे न जाता कपाळाच्या कडेशीच थांबलेला दिसतो. म्हणून या सर्व कुळांत भाकस हा जुन्या वळणाचा मासा मानला जातो.

आता खरी नवलाची गोष्ट ही की, हा मासा असा वाकडा जन्मास येत नाही. मादी समुद्रात हजारोंनी अंडी सोडते. ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान व काचेसारखी पारदर्शक असतात, आणि पाण्यावर तरंगत वाहू लागतात. त्यांतून निघालेले पिल्लू इतर कोणत्याही माशाच्या पिल्लाप्रमाणे सरळ असते. ते उभे पोहते, त्याचे डोळे दोन बाजूंस दोन असतात, आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांवर ते आपला निर्वाह करते. काही आठवडे असे गेल्यावर त्याच्या अंगात बदल सुरू होतो. बेडकाच्या पिल्लाची शेपटी गळून त्यास पाय फुटण्याच्या वेळी गळ्यातील ज्या ग्रंथीचा रस काम करतो, त्याच ग्रंथीचा रस येथेही कारण होतो. कवटीची हाडे अजून कोवळी असतात. ती पिळवटू लागतात, आणि उजवा डोळा हळूहळू डोक्याच्या माथ्याकडे सरकून, माथा ओलांडून डाव्या बाजूस येतो. तोंडही तिरपे होते. त्याबरोबर पिल्लाचा तोल जाऊन ते एका कुशीवर कलते व अखेर तळाशी जाऊन निजते. ते पुन्हा म्हणून उभे पोहत नाही.

डार्विनच्या सिद्धान्तावर आक्षेप घेणाऱ्यांनी या डोळ्याचे मोठे भांडवल केले होते. अर्धा सरकलेला डोळा माशाच्या काय उपयोगाचा, असा त्यांचा प्रश्न होता, आणि डार्विनला आपल्या ग्रंथाच्या १८७२ च्या आवृत्तीत त्यास उत्तर देणे भाग पडले. पुढे २००८ मध्ये इटलीतील सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतल्या माशांच्या ठशांची फिरून तपासणी झाली, तेव्हा प्रौढपणीही डोळा अर्ध्या वाटेवरच राहिलेले मासे त्यांत निघाले. आमच्या विषयास याची तितकीशी गरज नाही. पण ज्याची भुकटी आपण पाट्यापाट्याने कोंबड्यांपुढे ओततो, तो प्राणी किती जुन्या घराण्यातला आहे हे ठाऊक असलेले बरे.

हा मासा राहतो कोठे? किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, जेथे तळ वाळूचा किंवा मऊ चिखलाचा असतो तेथे. शेतकऱ्यास शेताची माती, तशी लेपास ही तळाची माती होय. आपल्या शेतात गांडुळे असतात, त्याप्रमाणे समुद्राच्या चिखलातही नाना जातींचे बारीक किडे बिळे करून राहतात. ते किडे व लहान कवचधारी जीव हे लेपाचे मुख्य अन्न. दिवसा बहुधा तो अंगावर थोडी माती ओढून पडून राहतो. या वर्गातील काही मासे तळाच्या रंगाप्रमाणे आपल्या अंगावरचे ठिपके गडद वा फिके करू शकतात. बुद्धिबळाच्या पटासारख्या तळावर ठेवले असता त्यांनी अंगावर तसेच काळेपांढरे ठिपके उमटविण्याचा प्रयत्न केल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत.

पावसाळा सुरू झाला म्हणजे या शेताची दशा पालटते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत लाटांचा मारा सुरू होतो, नद्यांचे गढूळ गोडे पाणी येऊन मिळते, तळ ढवळून निघतो आणि त्यातले किडे मोठ्या प्रमाणावर नाहीसे होतात. या काळात लेप किनारा सोडून जरा खोल पाण्यात जातो. पाऊस ओसरून चिखलात पुन्हा किड्यांची पैदास झाली की, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास त्याचे थवे परत किनाऱ्याशी येतात, आणि तेथून पुढे उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या वेळी माद्या अंडी घालतात. ही सर्व माहिती मलबारच्या किनाऱ्यावर, कालिकतजवळ, शेषप्पा व भीमाचार या दोघा शास्त्रज्ञांनी तेथील लेपाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळविली. त्यांचे पहिले लेख १९५१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. सागरी मासळीच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था आपल्या देशात स्थापन झाली ती १९४७ साली. म्हणजे हे काम त्या संस्थेच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी होय.

त्यांनी माशाचे वय कसे ओळखले, हे आमच्या वाचकांस विशेष आवडेल. बैलाचे दात पाहून आपण आदत, दुसा, चौसा असे सांगतो. माशाच्या बाबतीत ते खवल्यावरून सांगता येते. थंड देशांत हिवाळ्यात माशाची वाढ खुंटते व त्याची रेघ खवल्यावर उमटते, हे पूर्वीपासून माहीत होते. पण आपल्याकडे हिवाळाच नाही, तेव्हा येथील माशांच्या खवल्यांवर अशा रेघा कोठून येणार, असे मानले जाई. या दोघांनी दाखविले की, मलबारच्या लेपाच्या खवल्यावर वर्षास एक रेघ उमटते आणि ती पावसाळ्याची असते. ज्या महिन्यांत आमच्याकडे पेरण्या-लावण्यांची धांदल असते, त्याच महिन्यांत लेपाला उपास घडतो, आणि त्या उपासाची खूण त्याच्या अंगावर जन्मभर राहते. या रेघांवरून असेही कळले की, हा लहान जातीचा लेप साधारण एक वर्षाचा झाल्यावर प्रथम अंडी घालण्याजोगा होतो, आणि एकंदर आयुष्य त्याला दोन-तीन वर्षांचेच. म्हणजे ज्या लेपाने एक पावसाळा पाहिलेला नाही, त्याने बहुधा एकही बी टाकलेले नसते. वाचकांनी ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पुढील सर्व म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

चपट्या माशांच्या पुष्कळ जातींची पिल्ले खाड्यांच्या मुखाशी, गोडे व खारे पाणी मिसळते त्या उथळ भागात वाढतात. तेथे अन्न मुबलक असते व मोठ्या माशांची भीती कमी. या ठिकाणी आम्हांस आपल्याच जिल्ह्याची आठवण होते. आपली कृष्णा महाबळेश्वरास उगम पावून बंगालच्या उपसागरास मिळते. पण तिच्या कोयनेचे पुष्कळसे पाणी १९६० च्या दशकापासून डोंगराच्या पोटातून पश्चिमेस उतरते, पोफळीस वीज निर्माण करते आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस जाते. कृष्णा लवादाने या कामासाठी वर्षास साडेसदुसष्ट टीएमसी पाणी मान्य केले आहे. हे पाणी पूर्वेकडे वळवून शेतीस द्यावे की काय, हा निराळा व मोठा वाद आहे, आणि त्यात आज आम्ही शिरत नाही. आपल्या पाटण तालुक्यात पडलेला पाऊस उन्हाळ्यातही कोकणातल्या एका खाडीत जाऊन पोहोचतो, इतकेच येथे सांगावयाचे. ‘समुद्राशी आमचा संबंध काय’ हा प्रश्न विचारताना साताऱ्याच्या माणसाने तरी थोडे थांबावे.

परंतु पाण्याहूनही निकटचा संबंध पोत्याचा आहे, आणि आता त्याकडे वळू. किनाऱ्याजवळ ट्रॉलर नावाच्या यांत्रिक नौका तळावरून जाळे ओढीत नेतात. त्यांचा मुख्य रोख असतो कोळंबीवर, कारण कोळंबीस भाव येतो. कोळंबी लहान, म्हणून जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस, म्हणजे भोके, बारीक ठेवण्याकडे कल असतो. त्या बारीक आसांतून तळावर निजलेले काहीच सुटत नाही. लेपाची बोटभर लांबीची पिल्ले, कोवळे खेकडे, इतर पंचवीस जातींच्या माशांची पोरे असा सगळा केर कोळंबीबरोबर वर येतो. हा बाजारात माणसांच्या खाण्यासाठी विकला जात नाही. त्याला किनाऱ्यावर कुटी म्हणतात. ती वाळवून किंवा थेट कारखान्यात नेऊन तिची भुकटी होते, आणि ती भुकटी खाद्यात व खतात जाते. तारलीसारख्या थव्याने मिळणाऱ्या मासळीचीही भुकटी होते, आणि ती निराळ्या प्रतीची. पण पोत्यावर बहुधा इतकेच लिहिलेले असते की, प्रथिने इतके टक्के. ती प्रथिने कोणाच्या अंगची, हे लिहिलेले नसते.

जो शेतकरी पेरणीसाठी पेवात राखलेले बी काढून गुरांना भरडून घालतो, त्यास आपण काय म्हणतो? त्याच्यावर दुष्काळाची पाळी आली असेल तर कीव करतो. एरवी वेडा म्हणतो. कोवळ्या लेपाची भुकटी हा याच जातीचा व्यवहार आहे. भेद इतकाच की, बी एकाचे, भरडणारा दुसरा आणि घालणारा तिसरा, म्हणून कोणालाच आपण वेडेपणा करीत आहोत असे वाटत नाही.

यावर आमच्या एका सभासदाने परवाच आक्षेप घेतला. तो असा की, ती पिल्ले जाळ्यात आली तेव्हाच मेली; आम्ही भुकटी न घेतल्याने ती जिवंत होणार आहेत काय? उलट समुद्रात फेकून कुजण्यापेक्षा ती कोंबडीच्या पोटी गेली तर काय वाईट? हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक आहे. परंतु व्यापार जाणणाऱ्यास त्यातली चूक दिसेल. जोपर्यंत केराला किंमत नव्हती, तोपर्यंत नौकेवरील माणसांना तो निवडून टाकण्याचा त्रास होता. बर्फ, जागा व मजुरी फुकट जात होती, आणि म्हणून आस मोठे ठेवण्यात थोडा तरी फायदा होता. केराला गिऱ्हाईक मिळताच बारीक आस हेच किफायतीचे झाले. आज मेलेले पिल्लू आम्ही विकत घेतो, तेव्हा उद्याच्या पिल्लासाठी जाळे विणण्याचे पैसे आम्हीच देत असतो.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे व २०२१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी, याहून लहान मासा धरू नये अशी मापे ठरवून दिली. हे सर्व योग्यच झाले. पण ताजी मासळी बंदरावर टोपलीत असताना मोजता येते. भुकटी कोणी व कोणत्या फुटपट्टीने मोजावी? दळल्यानंतर कोवळा लेप आणि जून लेप यांत काहीएक भेद उरत नाही. म्हणून कायद्याचा हात जेथे आखूड पडतो तेथे गिऱ्हाइकाने पुढे व्हावे, असे आम्ही म्हणतो.

तळास विश्रांती दिल्याने काय होते, याचा दाखला युरोपात मिळाला. उत्तर समुद्रात प्लेस नावाचा लेपाच्याच वर्गातला मासा फार धरला जाई. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात सुरुंगांच्या व पाणबुड्यांच्या भीतीने तेथील मासेमारी पुष्कळशी बंद पडली. युद्ध संपल्यावर नौका पुन्हा बाहेर पडल्या, तेव्हा प्लेस पूर्वीपेक्षा अधिक व अंगाने मोठा मिळू लागला. पडीक टाकलेले रान दोन सालांनी पेरल्यावर जसे डोलते, तसाच हा प्रकार. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच समुद्रात १९८९ मध्ये हॉलंड, जर्मनी व डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतचा मोठा पट्टा प्लेसच्या पिल्लांसाठी राखून तेथे मोठ्या नौकांस मनाई केली गेली. अपेक्षा होती की मासा वाढेल. परंतु पुढे पिल्लेच त्या पट्ट्याबाहेर खोल पाण्याकडे सरकली, आणि कारणांविषयी शास्त्रज्ञांत व कोळ्यांत मतभेद राहिले. नकाशावर रेघ ओढली म्हणजे मासा तिच्या आत राहतोच असे नाही. आसाचा आकार मात्र मासा जेथे जाईल तेथे त्याच्या बरोबर जातो. यास्तव राखीव पट्ट्यांपेक्षा आम्हांस मोठ्या आसाची बाजू अधिक बळकट वाटते.

कोळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे आम्ही विसरत नाही. डिझेलचा खर्च व कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या नौकामालकाने कुटीचे चार पैसे सोडावेत, असे घाटावर बसून उपदेशिणे सोपे आहे. पण आमच्याकडेही उसाचे बेणे व कांद्याचे बी राखताना हातातले पैसे सोडावेच लागतात, आणि ते आम्ही सोडतो, कारण पुढच्या हंगामाचा मालक आपणच असतो. समुद्रात पुढच्या हंगामाचा मालक कोणीच नाही. जो आधी पोहोचेल त्याचा तो. ही अडचण खरी आहे व ती एकट्या कोळ्याने सुटण्यासारखी नाही.

आमचा यात स्वार्थ आहे काय, असेही कोणी विचारील. आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवीत नाही. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे सोयाबीन पिकवितात, आणि मासळीच्या भुकटीऐवजी कोंबडीस जे घालावयाचे ते मुख्यतः सोयाबीनची पेंडच होय. तिच्यात मेथिओनिन नावाचे एक आवश्यक द्रव्य कमी पडते, म्हणून ते वेगळे मिसळावे लागते. तेवढे केले की अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्या भुकटीवाचून उत्तम वाढतात, व मोठे कुक्कुटपालक आजही असे खाद्य वापरतात. अंड्याला मासळीचा वास येण्याची तक्रारही त्यामुळे राहत नाही. हेही कबूल केले पाहिजे की, या भुकटीचा मोठा भाग कोळंबीच्या तलावांकडे व परदेशी जातो. आमच्या दोन जिल्ह्यांनी हात आखडता घेतल्याने कारखाने ओस पडतील असे नाही. पण आपला वाटा लहान आहे म्हणून चोरीचा माल घ्यावा, असे आमच्यापैकी कोणी बैलबाजारात म्हणणार नाही.

आमची सूचना अशी. संघाच्या भांडारातून खाद्य खरेदी होते तेव्हा पुरवठादाराकडून भुकटी कोणत्या माशाची, कोणत्या बंदरातील व कोणत्या महिन्यांतली, हे लेखी मागावे. मिश्र कुटीची असेल तर ती घेऊ नये. तारलीची भुकटीही डोळे मिटून घेऊ नये, कारण तारलीच्या लहान पोरांची दशा लेपाहून फारशी निराळी नाही. १९४० च्या दशकात मद्रास सरकारला ती पोरे धरण्यावर निर्बंध घालावे लागले होते. लेखी उत्तर न मिळाल्यास सोयाबीनच्या पेंडीचे खाद्य मागवावे. जे सभासद खतासाठी न दळलेली सुकी कुटी घेतात, त्यांना तर परीक्षा स्वतःच करता येईल. पोते उघडून मूठभर माल पांढऱ्या फडक्यावर पसरावा. त्यात जिभेच्या आकाराची, वाळलेल्या पानासारखी पातळ, एका बाजूस मातकट व दुसऱ्या बाजूस फिकी अशी मासळी दिसेल, तिचे दोन्ही डोळे एकाच गालावर आढळतील, आणि लांबी हाताच्या बोटाहून अधिक भरणार नाही, तर तो पावसाळा न पाहिलेला लेप समजावा, व पोत्याचे तोंड पुन्हा शिवून ते परत पाठवावे.